हक्काचा परतावा की सरकारास दान?

शिवडीच्या चाळींत आजही अशी घरे आहेत, की जेथे गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाची सारी पुंजी बँकेच्या मुदत ठेवीत आहे व तिच्या व्याजावर संसार चालतो. अशा एका वृद्धास २०२१-२२ सालात ६०,००० रुपये व्याज मिळाले असे समजू. ज्येष्ठांचे व्याज ५०,००० च्या पुढे गेले म्हणून बँकेने नियमाप्रमाणे १० टक्के, म्हणजे ६,००० रुपये, कापून सरकारजमा केले. पण साठीपुढील माणसाच्या ३ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर त्या साली करच नव्हता. म्हणजे देणे शून्य असता घेतले सहा हजार! '१५ एच' हा नमुना वेळीच दिला असता तर कपात टळती. तो दिला नाही, पुढे विवरणपत्रही भरले नाही, आणि पैसे तिजोरीत पडून राहिले. भाड्यातून कपात सोसणाऱ्या लहानसहान मालमोटारवाल्याची कथा याहून निराळी नाही.

हा परतावा म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे. कायद्याच्या अधिकारावाचून कोणताही कर बसविता वा वसूल करिता येणार नाही, असे संविधानाचे २६५ वे कलम सांगते. करदात्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नका, उलट त्यास सवलती मिळविण्यास साह्य करा, असे ११ एप्रिल १९५५ च्या परिपत्रकाने अधिकाऱ्यांस बजावलेले आहे. तत्त्व उत्तम, व्यवहार पाहावा तो निराळा. सरकारास अधिक कर द्यावयाचा असल्यास अद्ययावत विवरणपत्र भरण्याची सवड २०२५ च्या वित्त कायद्याने आकारणीवर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढविली. त्या विवरणपत्राने परतावा मात्र मागता येत नाही. २०२४-२५ सालच्या उत्पन्नाचे उशिराचे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच भरावयाचे होते. देणाऱ्यास वर्षे, घेणाऱ्यास महिने! हा कोणता न्याय?

लोकांनी बोलले तर सरकार ऐकते, याचाही दाखला ताजा आहे. फेब्रुवारी २०२५ च्या आयकर विधेयकात, मुदतीनंतर विवरणपत्र भरणाराचा परताव्याचा हक्कच बुडावा असे कलम होते. लोकसभेच्या प्रवर समितीने ते गाळण्याची शिफारस केली आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या कायद्यात ते उरले नाही.

ज्यांची मुदत टळली त्यांस एक दार अद्याप उघडे आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार आकारणीवर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत विलंबमाफीचा अर्ज करता येतो. एक कोटीपर्यंतच्या मागणीचा निर्णय प्रधान आयकर आयुक्त देतात. अडचण खरी होती हे मात्र दाखवावे लागते, आणि अशा परताव्यावर व्याज मिळत नाही. २०२०-२१ च्या उत्पन्नासाठी हे दार ३१ मार्च २०२७ रोजी बंद होईल, २०२१-२२ साठी ३१ मार्च २०२८ रोजी.

कोणी म्हणेल, माणसाचे सारे उत्पन्न खात्यास दिसत नाही, मग आपण होऊन पैसे कसे परत करावे? शंका रास्त आहे. परंतु कोणाच्या नावे किती कपात झाली हे तर खात्याच्याच दप्तरी आहे. ज्यांची कपात झाली पण विवरणपत्र आले नाही, त्यांस मुदत संपण्यापूर्वी मराठीत एक सूचनापत्र धाडणे काही अशक्य नाही. वसुलीची नोटीस घरी पोहोचते, तर परताव्याची का पोहोचू नये?

कायदा जागत्याचा कैवारी आहे, निजलेल्याचा नव्हे. म्हणून सरकारकडे बोट दाखविण्याबरोबर आम्ही आपल्या वाचकांसही विनवितो, की '२६ एएस' हे कपातीचे पत्रक काढून पाहा. घरातील व शेजारच्या वृद्धांचेही पाहा. शिवडी-लालबागची उत्सव मंडळे दहा दिवस हजारोंची व्यवस्था लीलया लावतात. त्यांनी वर्षातून एक रविवार या कामी द्यावा आणि आमच्या वकील बंधूंनी तेथे विनामूल्य बसावे. सहा हजार रुपये सरकारास जड नाहीत. पण शिवडीच्या त्या खोलीत ते म्हाताऱ्याचे कित्येक महिन्यांचे औषधपाणी आहे.