एक गाडी, दोन रूळ

एके काळी नांदेडला मीटरगेज आणि लातूरला बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरोगेज होती. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालायचा नाही. आज दोन्ही गावांत ब्रॉडगेज आहे आणि ती कटकट मिटली आहे. मोबाइलच्या जगात मात्र रूळ अजून दोनच: अँड्रॉइड आणि आयफोन.

समजा, लातुरातल्या एखाद्या शिकवणीवर्गाच्या चालकांना ॲप करून घ्यायचे आहे. ‘नेटिव्ह’ पद्धतीत प्रत्येक रुळाला वेगळा डबा. अँड्रॉइडसाठी कोटलिन भाषा, आयफोनसाठी स्विफ्ट; म्हणजे कारागीर दोन आणि मजुरीही दोन. ‘क्रॉस-प्लॅटफॉर्म’ पद्धतीत बहुतेक काम एकदाच करायचे आणि दोन्हीकडे चालवायचे. फेसबुकने २०१५ साली रिॲक्ट नेटिव्ह खुले केले. गुगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती २०१८ साली आली.

मग स्वस्त तेच घ्यावे काय? जरा थांबावे. एअरबीएनबीसारख्या धनाढ्य कंपनीने २०१६ साली रिॲक्ट नेटिव्ह हाती घेतले आणि २०१८ साली सोडायचे ठरवले. आधीच्या दोन नेटिव्ह ॲपांना ते जोडताना दोन घरांची तीन घरे झाली आणि तिन्ही सांभाळावी लागली.

म्हणून घरची शिल्लक मोडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. गिऱ्हाइकांच्या हातात कोणता फोन आहे? जवळजवळ सगळ्यांकडे अँड्रॉइडच असेल, तर दुसऱ्या रुळाची चिंता आज कशाला? ॲपचे काम काय? वेळापत्रक, व्याख्याने, निकाल, फी एवढेच असेल, तर एकच डबा उत्तम. पण नांदेडच्या एखाद्या अडत्याला वजनकाटा ब्लूटूथने जोडायचा असेल किंवा मालाच्या गाडीचा ठावठिकाणा अखंड हवा असेल, तर नेटिव्हचा खर्च सार्थकी लागण्याचा संभव अधिक. आणि शेवटचा प्रश्न: करणारा मुलगा उद्या पुण्याला नोकरीस गेला, तर मागे कोण पाहणार? अँड्रॉइड आणि आयफोन दोघेही दरवर्षी नवे रूप घेतात. ॲपलाही त्यांच्या मागे जावे लागते.

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने पहिल्या दोहोंवर वाद घालू नये. लग्नाच्या खर्चापेक्षा संसाराचा खर्च मोठा असतो, हे आपल्या घरांना कोणी शिकवायला नको.