तारखा डोक्यात ठेवू नका

नाशिकच्या सातपूर, अंबडला दहा-पंधरा माणसांचं वर्कशॉप चालवणाऱ्यांना, गावात एजन्सी किंवा दुकान असणाऱ्यांना हे सांगणं आहे. महिन्याच्या तारखा ठरलेल्या आहेत: 7 ला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-1, 15 ला पीएफ-ईएसआय, 20 ला 3बी. (तिमाही विवरणपत्र भरणाऱ्यांच्या तारखा वेगळ्या, पण त्याही ठरलेल्याच.) तरी दर वेळी धावपळ होते. कारण हे सगळं एका अकाउंटंटच्या डोक्यात असतं, आणि तो नेमका गावाकडे लग्नाला गेलेला असतो.

3बी चुकलं तर दिवसाला 50 रुपये आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून महाग पडतो जीएसटीआर-1 चा उशीर. तुमचं बिल 14 तारखेला तयार होणाऱ्या 2बीमध्ये दिसलं नाही, तर समोरच्या कंपनीला त्या महिन्यात क्रेडिट मिळत नाही. मग ती तुमचं पेमेंट अडकवते, आणि त्यात तिची चूक नसते.

म्हणून कामाची सुरुवात संगणकावर सोपवा. मुदतीच्या दिवशी नव्हे, चार दिवस आधी. विक्रीची यादी 7 ला आपोआप निघून सीएकडे जावी, हजेरीचा तक्ता 1 ला पगार करणाऱ्याकडे पोहोचावा, टॅलीच्या डेटाची प्रत रोज दुसऱ्या डिस्कवर पडावी. विंडोजमध्ये टास्क शेड्युलर आधीपासूनच असतो. वेगळा खर्च नाही.

आता खाचखळगे. रात्री दोनची वेळ लावू नका. ऑफिसचा संगणक तेव्हा बंद असतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीची लावा. वेळ हुकली तर मशीन सुरू होताच काम करावं, असा पर्याय त्यात आहे, पण तो आपण टिक करावा लागतो. महिनाअखेरीसाठी 31 टाकाल तर जूनमध्ये काम होणारच नाही. ‘शेवटचा दिवस’ निवडा. क्लाउडवरचं सॉफ्टवेअर असेल तर घड्याळ तपासा. अनेक सर्व्हर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतात. 1 एप्रिलच्या पहाटे निघालेल्या बिलावर 31 मार्च पडला, तर बिल मागच्या आर्थिक वर्षात गेलंच म्हणून समजा.

सुट्ट्याही हातानेच भरा. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते, हे संगणकाला आपोआप कळत नाही. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची जुनी प्रथा होती. आपल्या समितीत ती अजून पाळली जात असेल, तर कांद्याच्या व्यापाऱ्याने तारखेइतकीच तिथी पाहायला हवी.

पैसे पाठवण्याचं शेवटचं बटण मात्र माणसाकडेच राहू द्या. उधारीच्या तगाद्याचंही तेच. यादी आपोआप बनू दे, पण कोणी काल रात्री पैसे टाकलेत का ते पाहूनच मेसेज सोडा. भरलेल्या माणसाला तगादा गेला, तर तो पुढच्या वेळी माल दुसरीकडून घेतो.

आणि ‘काम झालं’ असा रोजचा मेसेज चार दिवसांनी कोणी वाचत नाही. बंद पडलेलं मशीन तर ‘झालं नाही’ असंही कळवत नाही. दर सोमवारी सकाळी पाच मिनिटं तपासणारा एक माणूस नावानिशी नेमा, आणि तो रजेवर असताना कोण बघणार तेही आजच ठरवा.