किनारा हाही सार्वजनिक पाणवठाच!

मुंबईच्या संस्कृतीचे गोडवे गाणाऱ्यांची या शहरात वानवा नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीगीतावर नाच हवा, नारळी पौर्णिमेला होडीचे छायाचित्र हवे. मात्र मासळीची पाटी घेऊन कोळीण लिफ्टमध्ये शिरली की नाके मुरडली जातात. मांसाहारी कुटुंबाला घर नाकारणाऱ्या इमारती याच शहरात आहेत. ज्यांच्या नाचाला टाळ्या, त्यांच्याच अन्नाला बंदी! याला आम्ही संस्कृतीचा आदर म्हणत नाही. ही नव्या रूपातली शिवाशीवच आहे.

निसर्गाचेही तेच. शिवडी-माहुलच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, ते पाहायला गर्दी होते. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. पण त्याच माहुलमध्ये, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून उठवलेली माणसे कोंबण्यात आली. तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या, असे २०१९ साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. पक्ष्याला जे कौतुक मिळाले, ते माणसाला का मिळाले नाही?

पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय, असे आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठीचे पात्र भराव घालून कुणी आवळले आणि संसार कुणाचे वाहून गेले? तिवरे भरतीचा जोर अडवतात. त्यांच्या मुळांत कोळंबी, चिंबोरी, जिताडा वाढतो. म्हणजे तिवर तोडली की आधी कोळ्याची चूल विझते आणि मग खाडीकाठच्या वस्तीत पाणी शिरते.

कायदा आपल्या बाजूने नाही, असेही नाही. समुद्रकिनारा, नद्या या जनतेच्या ठेवी असून सरकार केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले. तिवरांचा नाश म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भंग, असे मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कोळीवाड्यांना वेगळे संरक्षण होते. मग २०१९ ची अधिसूचना आली आणि शहरी किनाऱ्यावर गोठवलेले चटईक्षेत्र मोकळे झाले. याचा फायदा सुक्या बोंबलाच्या वलांडीला होणार की टॉवरला, हे सांगायला वकील लागत नाही.

कागदावरचा हक्क आपोआप पदरात पडत नाही, हे महाडने आपल्याला शिकवले आहे. सी. के. बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे १९२४ साली खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले आणि पुढे १९३७ पर्यंत न्यायालयात लढावे लागले. किनाऱ्याचेही तसेच आहे. वरळीच्या मच्छीमारांनी सागरी रस्त्याविरुद्ध चिकाटीने लढा दिला, तेव्हा कुठे होड्यांच्या वाटेवरच्या पुलाचे ६० मीटरचे अंतर १२० मीटर झाले. मागणी त्याहून मोठी होती. पण लढले नसते तर तेवढेही मिळाले नसते.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. आपल्या वॉर्डातल्या कोळीवाड्याच्या सीमांकनाचा नकाशा माहितीच्या अधिकारात मागवा. त्यात घरांबरोबर होड्या लावण्याची, जाळी विणण्याची, मासळी सुकवण्याची जागा धरली आहे का, ते तपासा. तिवरांभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात भराव पडताना दिसला तर लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. पर्यावरणाच्या नावाखाली पुनर्वसनाविना झोपडी पाडायला कुणी आले, तर तिथेही उभे राहा. कोळी, आदिवासी आणि झोपडीवासी यांचे प्रश्न वेगवेगळ्या फायलींत ठेवणे प्रस्थापितांच्या सोयीचे आहे. आपण त्या फायली एकत्र बांधल्या पाहिजेत.