आखाजीच्या झोक्यापर्यंत

ऑक्टोबर सरत आला की जळगाव-धुळ्याच्या शिवारात कपाशीच्या वेचणीची घाई असते. याच महिन्यात स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृतीच्या फेऱ्या निघतात, गुलाबी फिती लागतात. गाठ लपवू नका, लवकर दाखवा, असे सांगितले जाते. ते सांगायलाच हवे. भारतीय स्त्रियांमध्ये आज हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. पण ऑपरेशन झाले, किमो झाली, ‘शेक’ (रेडिएशन) संपला, घरच्यांनी देवाला नारळ फोडला. त्यानंतर त्या बाईच्या हाताचे आणि श्वासाचे काय, हे कोणी विचारत नाही.

ऑपरेशनमध्ये अनेकदा काखेतल्या गाठीही काढाव्या लागतात. टाके ओढतात म्हणून बाई हात छातीशी धरून ठेवते. काही आठवड्यांत खांदा आखडतो. मग वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही. काखेतून लसीका वाहून जाण्याची वाट अरुंद झाल्याने हाताला सूज येऊ शकते. कधी काही महिन्यांनी, कधी वर्षांनी. रोजची बांगडी घट्ट होऊ लागली, तर तेव्हाच डॉक्टरांना दाखवावे. आणि आपल्याकडची कामे कोणती? कपाशीच्या बोंडाची वाळकी टोके बोटांवर ओरखडे काढतात. खापरावर मांडे टाकताना हाताला चटका बसतो. एरवी कोणी लक्षही देणार नाही अशा त्या ओरखड्यातून जंतुसंसर्ग होऊन हात सुजतो. त्या हातावर इंजेक्शन शक्यतो नको, जखम लगेच धुवायची, वेचणीला हातमोजा घालायचा, हे तिला सांगायचे कोणी?

श्वासाकडे तर त्याहून दुर्लक्ष होते. दुखेल या भीतीने ती वरवर श्वास घेते, छाती उघडतच नाही. फिजिओथेरपिस्ट खालच्या बरगड्यांवर तिचाच तळवा ठेवायला लावतात : नाकाने सावकाश श्वास घ्या, तळवा बाहेर ढकलला गेला पाहिजे; मग बशीतल्या चहावर फुंकर घालतो तसा हळूहळू सोडा. खांद्यासाठी भिंतीवर बोटे चढवत न्यायची, जिथवर पोचली तिथे पेन्सिलीची रेघ मारायची. मात्र रेडिएशननंतरच्या काही महिन्यांत कोरडा खोकला, धाप लागली, तर व्यायामावर न विसंबता डॉक्टर गाठावा. फुप्फुसाला सूज आलेली असू शकते.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात वॉर्डात शिकवलेला व्यायाम घरी पोचेपर्यंत अर्धा विसरला जातो. धुळ्यात हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही 2018 पासून शासकीय महाविद्यालय आहे. उपचार कुठेही झालेले असोत, डिस्चार्ज कार्डावर चित्रांसह मराठीत व्यायाम आणि आपल्याच जिल्ह्यातल्या फिजिओथेरपिस्टच्या भेटीची तारीख असली पाहिजे, अशी आमची मागणी आहे. गुडघा, कंबर आणि लकवा यांपलीकडे फिजिओथेरपी असते, हे आशाताईंनाही शिकवले जावे.

घरच्यांकडेही एक मागणे आहे. या दिवाळीचे मांडे दुसऱ्या कोणी टाकावेत, हंडा दुसऱ्या कोणी उचलावा. व्यायाम मात्र तिचा तिनेच रोज करायचा आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी झोका बांधतील, तेव्हा दोर धरायला दोन्ही हात डोक्याच्या वर जावे लागतात. भिंतीवरची रेघ तिथवर चढवायला अजून सहा महिने आहेत.