युद्ध हवंय ना? मग हा फोटो बघा

मंडळी, परवा ऑफिसात जेवताना एकाने मोबाईल पुढे केला. काळापांढरा पडदा, मधे निशाण्याची फुली, एक इमारत, मग नुसता धूर. संपलं. "एकदा होऊनच जाऊ दे च्यायला!" कोणीतरी म्हणालं. मीपण हसलो. घरी आल्यावर माझाच मला राग आला, म्हणून हे लिहितोय.

ही सवय आपल्याला १९९१ च्या आखाती युद्धाने लावली. ते सीएनएनवर थेट दिसलं, आणि आपल्याकडे केबल टीव्ही त्याच सुमाराला आला. स्मार्ट बॉम्ब कसा नेमका पडतो ते दाखवायचे. आत कोण होतं ते नाही. व्हिडिओ गेमच की राव!

त्याच युद्धात, २८ फेब्रुवारीला, केनेथ जारेकी ह्या अमेरिकन फोटोग्राफरने दक्षिण इराकमधे एक फोटो काढला. ट्रकच्या फुटक्या काचेतून बाहेर पडायची धडपड करताना जळून कोळसा झालेला इराकी सैनिक. एपीच्या न्यूयॉर्कमधल्या संपादकांनी तो वायरवरून काढून टाकला. लंडनच्या ऑब्झर्व्हरने मार्चमधे छापला. अमेरिकेत छापून येईपर्यंत युद्ध केव्हाच संपलं होतं.

का, तर म्हणे फार भीषण आहे, लहान मुलं बघतात. अहो, मग बॉम्ब पडताना ती मुलं काय झोपली होती?

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. त्या सैनिकालाही आई असेल, तिला कोणी विचारलं? नाही विचारलं. पण धुराखालच्या लोकांच्या आयांनाही कोणी विचारलं नव्हतं. झाकायचं तर दोन्ही झाका.

फोटोने युद्ध थांबतं असा माझा दावा नाही. युद्ध कधीच करू नये असंही नाही म्हणत, कधी कधी ते आपल्यावर लादलंही जातं. पण आमच्या धंद्यात टेस्ट रिपोर्टमधून फेल झालेल्या केसेस गाळून रिलीजला मंजुरी मागितली तर नोकरी जाते. इथे माणसं मारायला मंजुरी मागतात, आणि रिपोर्ट सगळा हिरवागार!

तो फोटो मी काल रात्री नीट बघितला, पहिल्यांदाच. जेवण गेलं नाही. सोमवारी डब्याच्या वेळी कोणी पुन्हा "होऊन जाऊ दे" म्हणालं, तर मोबाईल मी पुढे करणार आहे. शिव्या खाईन. हसण्यापेक्षा ते बरं.