‘धंदा म्हणजे मॅरेथॉन’ हे वाक्य मी परत घेतोय

आज थोडं स्वतःच्याच विरोधात लिहितोय.

जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल, तीन वर्षांपूर्वी मी गळ्यात मेडल घालून एक व्हिडिओ केला होता. जानेवारीचा तिसरा रविवार, मुंबई मॅरेथॉनची हाफ, आयुष्यातली पहिली. २१ किलोमीटर, २ तास ३४ मिनिटं. वेळ काही सांगण्यासारखी नाही, पण लालबागच्या पॅकिंग मटेरियलच्या दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला ती ऑलिम्पिकएवढीच वाटते. व्हिडिओत मी छाती फुगवून म्हणालो, “धंदा म्हणजे मॅरेथॉन आहे. थांबू नका, धावत राहा.” भरपूर चालला तो व्हिडिओ.

गेल्या दिवाळीनंतर एका ताईंचा फोन आला. आमच्या बॅचच्या विद्यार्थिनी, माझ्याहून वयाने मोठ्या. हाताला चव अशी की चकली खाल्ल्यावर माणूस पत्ता विचारतो. परळला घरून ऑर्डर घ्यायच्या, मग गाळा भाड्याने घेतला. म्हणाल्या, “सर, तुम्ही म्हणालात थांबू नका. मी आठ महिने थांबले नाही. आता बांगड्या गहाण आहेत.”

मी वही घेऊन बसलो. हिशोब सांगतो, कारण अंदाजाने बोलण्यात काही अर्थ नाही. भाडं २५ हजार, मदतीला मुलगी १२ हजार, लाइट आणि किरकोळ ५ हजार. म्हणजे शटर उघडलं की महिन्याला ४२ हजार गेलेच. कच्चा माल वजा जाता शंभराच्या विक्रीत ३५ रुपये हातात राहायचे. मग ४२ हजार निघायला विक्री हवी १ लाख २० हजार, रोजची ४ हजार. ताईंची सरासरी होती अडीच हजार. महिन्याला १५ हजार ७५० रुपये खिशातून, आठ महिन्यांत १ लाख २६ हजार. यात त्यांचा स्वतःचा पगार शून्य धरलाय.

पण मला त्या बेरजेने झोप नाही लागली असं नाही. दुसरंच कारण होतं. पहिल्या महिन्यात रोजची विक्री २,४५०, आठव्या महिन्यात २,५००. आकडा हललाच नव्हता. हे तिसऱ्या महिन्यातच दिसत होतं. ताईंनी बघितलं नाही, कारण त्या ‘धावत’ होत्या. तसं मीच सांगितलं होतं ना.

आता मॅरेथॉनबद्दल जे मी व्हिडिओत सांगितलं नाही ते ऐका. हाफच्या दिवशी पहाटे माहीमला उभे असता तेव्हा अंतर ठरलेलं असतं, २१.०९७५ किलोमीटर, एक इंच जास्त नाही. रस्ता बंद केलेला असतो. एरवी जिथे पायी चालायला बंदी, त्या सी-लिंकवरून तुम्ही मधोमध पळता. ठरावीक अंतरावर पाणी मिळतं. हाजीअलीनंतर पेडर रोडचा चढ लागतो तेव्हा तिथली मंडळी बिस्किटं, संत्र्याच्या फोडी हातात देतात, कोणाचं तरी पोर टाळी द्यायला हात पुढे करतं. चढ संपला की गिरगाव चौपाटी, मग मरीन ड्राइव्ह. शेवट कुठे आहे हे तुम्हाला घरून निघतानाच माहीत असतं. सांगा, यातलं काय आहे तुमच्या दुकानात? तुमच्यासाठी कोणी रस्ता बंद ठेवत नाही. उलट बीएमसीने तुमच्यासमोरचाच खणला तर गिऱ्हाईक पलीकडच्या फुटपाथने जातं.

आणि मुख्य म्हणजे मॅरेथॉनमध्ये कट-ऑफ असतो. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या ठिकाणी पोचला नाहीत तर बाजूला घेतात, मागून बस येते. रडू येतं माणसाला त्या बसमध्ये, पण रात्री तो घरी जेवतो आणि पुढच्या वर्षी परत येतो. ‘थांबू नका’वाल्या भाषणांत ही बस कधी येत नाही. माझ्याही आली नव्हती.

पावसाळ्यात मी जिमच्या ट्रेडमिलवर पळतो. फार कंटाळवाणा प्रकार. तेव्हा मोबाइलवर इनडोअर शर्यती बघायची सवय लागली. युरोप-अमेरिकेत थंडीत बाहेर बर्फ असतो, म्हणून छपराखाली शर्यती होतात. आपल्याकडेही भुवनेश्वरला कलिंगा स्टेडियमच्या आवारात असा ट्रॅक झालाय. फेरी २०० मीटरची, वळणं कडेला उचललेली. ३००० मीटर म्हणजे १५ फेऱ्या. त्यात आपल्यासारखे हौशीही पळतात, पन्नाशीचे, साठीचे. ना समुद्र, ना संत्र्याच्या फोडी. कोरड्या हवेने शर्यतीनंतर खोकत बसतात बिचारे. पण प्रत्येक फेरीला घड्याळ समोर येतं. किती फेऱ्या उरल्या त्याचा आकडा लावलेला असतो, शेवटच्या फेरीला घंटा वाजते. आपण मंदावलो हे त्या माणसाला २०० मीटरमध्ये कळतं. मला सी-लिंकवर कळायला पाच किलोमीटर लागले होते. गर्दीच्या जोशात सुरुवातीला जोरात सुटलो आणि पेडर रोडला पाय दगड झाले.

दुकान मला या इनडोअर शर्यतीसारखं वाटतं. तोच काउंटर, तेच शटर, रोज एक फेरी. म्हणून हल्ली सरावही तसाच करतो. शिवाजी पार्कचा कट्टा साधारण १.१७ किलोमीटरचा, १८ फेऱ्या मारल्या की जवळपास हाफ होते. दर फेरीला घड्याळ बघतो. साडेआठ मिनिटांची फेरी साडेनऊवर गेली की समजायचं, काहीतरी बिघडलंय. मग प्रश्न एकच, दमलोय की दुखतंय? दमणं चालतं. गुडघा दुखत असेल तर त्या दिवशी घरी जायचं.

यावर काही जण म्हणतील, सर, असं लगेच थांबलो असतो तर कोणतंच दुकान उभं राहिलं नसतं. बरोबर आहे. माझं दुकानही पहिले पाच महिने तोट्यात होतं. पण तूट १८ हजार, १५, ११, ६ आणि २ अशी उतरत होती. ते दमणं होतं. ताईंची तूट सपाट होती, ते गुडघ्याचं दुखणं होतं. दोन्हीकडे मेहनत सारखीच, किंबहुना त्यांची जास्तच.

नव्या बॅचमध्ये म्हणून मी आता शटर उघडायच्या आधी एक कागद लिहून घेतो. किती महिने, खिशातून जास्तीत जास्त किती रुपये, आणि कोणत्या तारखेला रोजची विक्री किती झाली नसेल तर गाळा सोडायचा. सही स्वतःची, आणि घरातल्या एका माणसाची. ही दुसरी सही फार महत्त्वाची, कारण त्या तारखेला आपण स्वतःला फसवतो, घरचं माणूस फसवू देत नाही. एका मुलाने विचारलं, “सर, सुरुवातीलाच हरायचं कसं लिहायचं?” मी त्याला मॅरेथॉनच्या नियमांचं पान दाखवलं. कट-ऑफ तिथे आधीच छापलेला असतो.

तो जुना व्हिडिओ मी काढलेला नाही. वर्णनात पहिल्या ओळीत ताईंचा हिशोब टाकलाय, नाव न घालता, त्यांना विचारून.

ताईंनी फेब्रुवारीत गाळा सोडला. आता परत घरून, फक्त ऑर्डरप्रमाणे. गेल्या महिन्यात सगळं जाऊन १४ हजार उरले. चारपैकी दोन बांगड्या सुटल्यात. परवा दुकानावर खोके न्यायला आल्या होत्या, अर्ध्या किलोचे, २०० नग. मी खरेदीच्या भावात दिले तर रागावल्या. म्हणाल्या, “सर, पूर्ण पैसे घ्या. नाहीतर माझा हिशोब चुकेल.”