रेष मोकळी होते ती अशी

चित्रकाराची रेष उतारवयात मोकळी झाली की तिची दोन कारणे हमखास सांगितली जातात. हात थकला, नाहीतर नाव झाल्यावर त्याला कुणाची पर्वा उरली नाही. रेम्ब्रांटची मानवाकृतींची रेखाटने क्रमाने पाहिली, तर दोन्ही कारणे टिकत नाहीत.

जून १६३३मध्ये, लग्न ठरल्याच्या तिसऱ्या दिवशी, त्याने सास्कियाला चर्मपत्रावर चांदीच्या टोकाने रेखाटले. तेव्हा त्याला सत्तावीस पूर्ण व्हायचे होते. चांदीची रेष खोडणे अवघड, म्हणून ती जपून ओढावी लागते. हॅटची कड, हातातले फूल, गालाशी टेकलेली बोटे, सगळे इथे नीट सांगितलेले आहे.

आता ब्रिटिश म्युझियममधली, साधारण १६५४ची झोपलेली तरुणी पाहा. ही बहुधा त्याची उत्तरायुष्यातली सहचरी हेन्ड्रिक्ये. काम ब्रशचे आणि तपकिरी शाईचे. अंगावरच्या वस्त्राला मोजके रुंद फटकारे. काही ठिकाणी ब्रश इतका कोरडा की कागद मधूनमधून दिसतो. चेहऱ्यापाशी मात्र तोच ब्रश बारीक होतो. पापणी, नाक, ओठ दोन-चार स्पर्शांत येतात आणि ते चुकलेले नाहीत. हलगर्जीपणा असता तर तो आधी चेहऱ्यावर दिसला असता.

रेम्ब्रांट तरुणपणीही झपाट्याने रेखाटत असे, हेही ध्यानात घ्यायला हवे. पण १६३०च्या दशकातली त्याची घाईची रेष वळसे घेते, भिरभिरते. पन्नाशीकडे झुकताना ती सरळ, बोथट, तुटक होते, आणि दोन रेषांमधली मोकळी जागा शरीराचा भार तोलू लागते. यात साधनाचाही वाटा आहे. पिसाच्या लेखणीबरोबर तो बोरूकडे अधिकाधिक वळला. कित्ता गिरवलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे सांगायला नको : बोरूत शाई कमी टिकते, टोक लवत नाही, नाजूक वळणे घेण्याची सवय तो मोडून काढतो.

हात थकल्याच्या समजुतीला खरे उत्तर मिळते ते मुघल चित्रांवरून केलेल्या त्याच्या रेखाटनांत. शहाजहान, जहांगीर, झाडाखाली बसलेले मौलवी. अशी वीसहून अधिक रेखाटने आज उपलब्ध आहेत. अभ्यासक ती साधारण १६५६ ते १६६१ या काळातली मानतात. बहुतेक जपानी कागदावर आहेत आणि त्यांतली रेष कमालीची तलम आहे. म्हणजे ज्या वर्षांत बोरूचे खरखरीत फटकारे चालू होते, त्याच वर्षांत हा हात पागोट्याच्या घड्याही टिपत होता. दोन्ही येत असताना त्याने विषयागणिक एक निवडले.

आपल्याकडे चित्रकलेच्या वर्गांत ‘फ्री लाइन’चे कौतुक लवकर सुरू होते. मुलाला खांद्याचा सांधा कुठे फिरतो हे कळण्याआधीच त्याची रेष ‘फ्लो’मध्ये आहे म्हणून शाबासकी मिळते. यात मुलाचे नुकसान आहे, कारण काय गाळायचे हे ठरवायला आधी ते दिसलेले असावे लागते. शिक्षकांनी सास्किया आणि ती झोपलेली तरुणी शेजारी शेजारी ठेवून दोन्हींच्या नकला करून घ्याव्यात, आणि दुसरीत कोणती रेष वगळली आहे हे मुलांनाच शोधू द्यावे. त्यासाठी परदेशी जावे लागत नाही. मोठ्या संग्रहालयांनी अशी रेखाटने इंटरनेटवर खुली केली आहेत.